हवेचं घर्षण मोजणारा इंजिनिअर इस्रोचा प्रमुख होतो तेव्हा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कूलर काढला. नागपुरात हे दरवर्षीचं काम. गच्चीवरून टप खाली आणायचा, जुन्या वाळ्याच्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, पंपाच्या जाळीतला गाळ काढायचा आणि शेवटी पंख्याची पाती पुसायची. शेजारची मुलगी मदतीला आली होती. तिची बारावीची परीक्षा संपलेली, सीईटी तोंडावर. पातं पुसता पुसता तिने विचारलं, "काका, रॉकेटचं काम करायचं तर एअरोस्पेसच घ्यावं लागते का? अन् इस्रोचा मोठा साहेब व्हायला काय शिकावं लागते?"

पंचवीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवूनही मला याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही. तिच्या हातातलं फडकं धुळीने काळं झालं होतं, आणि सुरुवात तिथूनच करावी असं वाटलं. कारण त्या धुळीचा आणि इस्रोच्या एका अध्यक्षांचा फार जवळचा संबंध आहे. त्यांचं नाव सतीश धवन.

आधी धुळीचं बघू. कूलरचा पंखा मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतो. त्याच्यासमोर कागद ठेवला तर उडून जातो. मग खुद्द पात्यावरची धूळ का उडत नाही? वारा तर तिथूनच निघतो. याचं उत्तर असं की, पात्याला अगदी टेकलेली हवा पात्याला चिकटून असते आणि त्याच्याबरोबरच फिरते. म्हणजे पात्यावर बसलेल्या कणाला वारा लागतच नाही. त्याच्या जरासं वर थोडा वारा, आणखी वर आणखी थोडा, असं करत काही मिलिमीटरवर हवा पूर्ण वेगात आलेली असते. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतच्या या पातळ पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये ही कल्पना मांडली आणि विमानशास्त्राचा पाया तिथे पडला.

या पातळ पट्ट्यात हवेचे थर एकमेकांवर घासतात. विमान असो की रॉकेट, त्याचं अंग हवेतून जाताना हे घासणं त्याला मागे ओढतं आणि तापवतंही. आता या स्तराचे दोन स्वभाव आहेत. उदबत्तीचा धूर आठवा. आधी एक सरळ रेघ वर जाते आणि वीतभर गेल्यावर अचानक विस्कटून वेटोळी घेऊ लागते. सीमास्तरही तसाच, आधी शांत आणि पुढे खळबळता. खळबळता झाला की घर्षण आणि उष्णता दोन्ही कितीतरी वाढतात. तो कुठे विस्कटेल आणि विस्कटल्यावर नेमकं किती ओढेल, हे आकड्यात माहीत नसेल तर रॉकेटचं कवच किती जाड ठेवायचं आणि इंधन किती भरायचं हे ठरवता येत नाही.

धवन यांची डॉक्टरेट याच विषयावर आहे. त्यांच्याआधी बहुतेक वेळा हे घर्षण आडवाटेने काढलं जायचं. हवेचा वेग ठिकठिकाणी मोजायचा आणि त्यावरून हिशेब करायचा. धवन यांनी ते थेट मोजलं. सपाट पृष्ठभागाचा एक लहानसा तुकडा बाकी पृष्ठभागापासून केसभर फट ठेवून वेगळा केला, नाजूक स्प्रिंगवर टांगला, आणि वरून हवा वाहू दिली. हवेच्या ओढीने तो तुकडा किंचित सरकतो. ते सरकणं विजेच्या साधनाने मोजलं की घर्षणाचं बल कळतं. सांगायला सोपं, करायला फार कठीण. तुकडा आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर-खाली झाला तरी आकडा खोटा येतो. आवाजापेक्षा जास्त वेगाच्या हवेतही त्यांनी ही मोजणी करून दाखवली. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथेच आहे. अंदाजावर समाधान मानायचं नाही, आकडा थेट मिळवायचा, आणि मोजमापात आपली चूक कुठे शिरू शकते ते आधी शोधायचं.

त्यांचं शिक्षण कसं झालं हे त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती पाहतच राहिली. जन्म २५ सप्टेंबर १९२० चा, श्रीनगरचा. लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन बीए, मग इंग्रजी साहित्यात एमए, आणि त्यानंतर १९४५ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग. पुढे काही काळ बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये काम. तिथून अमेरिका. मिनेसोटा विद्यापीठातून एमएस, आणि कॅलटेक म्हणजे कॅलिफोर्नियातल्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९५१ मध्ये हान्स लीपमन यांच्या हाताखाली डॉक्टरेट. साहित्य शिकून इंजिनिअर झालेला हा माणूस पुढे देशाचा अवकाश कार्यक्रम बारा वर्षं चालवणार होता.

१९५१ मध्येच ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तिथे त्यांनी आवाजापेक्षा वेगवान हवेचा देशातला पहिला वायुबोगदा उभारला. त्याचं तोंड जेमतेम १ इंच बाय ३ इंच, म्हणजे काडेपेटीहून थोडं मोठं. पण अशा बोगद्यात एक गंमत असते, आणि पुढे रॉकेटसाठीही तीच कामाची आहे. बागेत पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की वाट अरुंद होते आणि पाणी जोरात उडतं. हवेचंही तसंच होतं, पण आवाजाच्या वेगापर्यंतच. त्याच्यापुढे न्यायचं असेल तर वाट आणखी अरुंद करून भागत नाही. उलट ती रुंद करावी लागते. म्हणून नळी आधी आवळलेली आणि मग पसरत गेलेली असते. रॉकेटच्या बुडाला जो घंटेसारखा भाग दिसतो तो याच कारणासाठी. आतला तप्त वायू गळ्यापाशी आवाजाचा वेग गाठतो आणि घंटेत पसरताना त्याच्या कितीतरी पुढे जातो.

१९६२ मध्ये धवन त्या संस्थेचे संचालक झाले आणि १९८१ पर्यंत राहिले. तेव्हाचे त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी पुढे देशभर पसरले. रोद्दम नरसिंह यांच्यासारखे हवेच्या प्रवाहाचे जाणकार त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

मग ३० डिसेंबर १९७१ ला कोवलममध्ये विक्रम साराभाई अचानक गेले. वय अवघं ५२. भारताचा अवकाश कार्यक्रम तोवर बराचसा त्यांच्या स्वप्नांवर आणि माणसं जोडण्याच्या हातोटीवर उभा होता. धवन तेव्हा रजेवर कॅलटेकमध्ये शिकवत होते. इंदिरा गांधींनी त्यांना ही जबाबदारी घ्यायला सांगितलं. त्यांनी दोन अटी घातल्या. विज्ञान संस्थेचं संचालकपद सोडणार नाही, आणि कार्यक्रमाचं मुख्यालय बंगळुरूला असेल. दोन्ही मान्य झाल्या. ते परत येईपर्यंत भौतिकशास्त्रज्ञ एमजीके मेनन यांनी काम सांभाळलं. १९७२ मध्ये अवकाश आयोग आणि अवकाश विभाग स्थापन झाले, आणि त्याच वर्षी धवन यांनी सूत्रं हातात घेतली.

इथे ती मुलगी म्हणाली, "म्हणजे आता रॉकेट बनवणं बंद, अन् फायलींवर सह्या करणं सुरू?" हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेकांची कल्पना अशीच असते की इंजिनिअर मोठा झाला की त्याचं इंजिनिअरिंग संपतं. अवकाश कार्यक्रमाच्या प्रमुखाचं काम नेमकं काय असतं ते समजून घ्यायचं तर रॉकेटची अडचण आधी कळायला हवी.

उपग्रह पृथ्वीभोवती फिरत राहायचा तर त्याला सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेग लागतो. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्या वेगाने तो दीड मिनिटात संपेल. हा वेग मिळवायला रॉकेटला इंधन जाळावं लागतं, पण ते इंधन त्याला स्वतःच वाहून न्यावं लागतं. एखाद्या बंडीला इतक्या लांबच्या बाजाराला जायचंय की बैलांचा कडबा बंडीवरच लादावा लागतो. कडबा वाढला की ओझं वाढतं, ओझं वाढलं की बैल जास्त खातात, आणि म्हणून आणखी कडबा. शेवटी कापसाला जागा उरते एका गाठोड्यापुरती. भारताचं पहिलं उपग्रह प्रक्षेपक रॉकेट एसएलव्ही-३ असंच होतं. उंची २२ मीटर, वजन १७ टन, आणि पेलायचं ओझं ४० किलोंच्या आसपास.

यातून सुटायची वाट म्हणजे टप्पे. खालच्या भागातलं इंधन संपलं की त्याचं रिकामं कवच टाकून द्यायचं, म्हणजे पुढच्या इंजिनाला ते ओढावं लागत नाही. टाकलेले टप्पे बहुधा समुद्रात पडतात, पण काही कक्षेत फिरत राहतात आणि कधीतरी खाली येतात. २०२२ चा गुढीपाडवा आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. २ एप्रिलच्या त्या संध्याकाळी आकाशातून पेटते गोळे रांगेने सरकताना दिसले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूची भली मोठी कडी येऊन पडली. वर्षभरापूर्वी उडालेल्या एका चिनी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. तो टप्पा पेटला कशाने? वातावरणात शिरताना पुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापली, आणि ती उष्णता धातूपर्यंत पोचली त्याच सीमास्तरातून.

एसएलव्ही-३ चे चार टप्पे होते आणि चारही घन इंधनाचे. म्हणजे एकदा पेटवलं की बंद करता येत नाही, दिवाळीच्या अनारासारखं. त्यात इंधन मिसळणारे रसायनवाले, कवच बनवणारे धातूवाले, दिशा सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक्सवाले, हवेचा हिशेब करणारे, प्रक्षेपणतळावरचे. एकाचा आकडा दुसऱ्याच्या कामात जातो. रसायनवाल्यांचं मिश्रण किंचित बदललं की दाब बदलतो, दाब बदलला की कवच बदलतं, कवच बदललं की वजन, आणि वजन बदललं की सगळा मार्गच बदलतो. हे सगळं एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. प्रमुखाचं काम असतं अशी व्यवस्था उभी करायची की एकाची चूक दुसऱ्याला वेळेत दिसेल.

धवन यांनी ती व्यवस्था बांधली. तिरुवनंतपुरमला रॉकेट, बंगळुरूला उपग्रह, अहमदाबादला उपग्रहाचा उपयोग, श्रीहरिकोटाला प्रक्षेपण, अशी केंद्रं आपापल्या कामाची मालक. आणि प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला एक स्वतंत्र संचालक, जो सगळ्या केंद्रांतून आपल्याला हवी ती कामं करून घेतो. त्यावर तपासणीच्या बैठका. त्यात बाहेरच्या विद्यापीठांतले आणि प्रयोगशाळांतले लोकही असायचे. तिथे आपला आकडा मांडायचा आणि तो कसा मिळवला ते सांगायचं. प्रयोगशाळेतल्या त्या टांगलेल्या तुकड्याचाच हा मोठा अवतार, असं मी समजतो. बाहेरच्या माणसासमोर मोजमाप उघडं ठेवलं की लपलेली चूक पुढे येते.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती मला तितकीच शहाणपणाची वाटते. आपलं रॉकेट तयार होईपर्यंत उपग्रहांचं काम थांबवलं नाही. ३६० किलोंचा आर्यभट बंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत रॉकेटने वर गेला. त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी दाखवली गेली. शेती, आरोग्य, शिक्षण असे कार्यक्रम. त्या प्रयोगाची धुरा एकनाथ चिटणीस या मराठी माणसाकडे होती, हे आपल्याकडे अजून फार कमी लोकांना माहीत आहे. उपग्रह आपला नाही, रॉकेटही आपलं नाही, पण तो वापरायचा कसा हे आपली माणसं शिकली. नंतर इन्सॅट हे दूरसंचार आणि दूरचित्रवाणीचे उपग्रह आले तेव्हा ते शिक्षण कामाला आलं.

आता १० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटा. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण, प्रकल्प संचालक एपीजे अब्दुल कलाम. उलटमोजणीच्या अखेरीस संगणकाने उड्डाण अडवलं होतं, तज्ज्ञांशी बोलून आपण पुढे जायचं ठरवलं, असं कलामांनी नंतर अनेक भाषणांतून स्वतः सांगितलं आहे. पहिला टप्पा नीट जळला. दुसऱ्या टप्प्यात रॉकेट भरकटलं आणि ३१७ सेकंदांनी सगळं बंगालच्या उपसागरात. झालं होतं असं की दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळायला जी लहान इंजिनं होती, त्यांना लागणारं नायट्रिक आम्ल एका बिघडलेल्या झडपेतून गळून गेलं होतं. मोठं इंजिन पेटलं, पण सुकाणूच नव्हतं.

झडप कशी अडकते हे नागपूरकराला सांगायला नको. कूलरच्या टपातला फ्लोट व्हॉल्व्ह पाहा. आपल्या जड पाण्याचा क्षार त्याच्या बुडाशी बसला की पुरता मिटत नाही, आणि सकाळी गॅलरीत तळं. माझ्याकडे हे दर उन्हाळ्यात एकदा तरी होतं, आणि मी व्हिनेगरने तो धुतो. रॉकेटमध्ये धुवायला कोणी जाऊ शकत नाही. म्हणून तिथे झडपेचा प्रत्येक भाग स्वच्छ खोलीत जोडतात, गळती जमिनीवरच मोजतात, आणि मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही याचे नियम आधी लिहून ठेवतात.

त्या दिवशी पत्रकारांसमोर कोण गेलं? धवन गेले. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली आणि पुढच्या वर्षी आमची माणसं हे करून दाखवतील असं सांगितलं. कलामांना त्यांनी पुढे केलं नाही. मग बिघाडाची रीतसर चौकशी झाली, गळती शोधली, बदल केले. अकरा महिने आठ दिवसांनी, १८ जुलै १९८० ला, त्याच रॉकेटने ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. त्या दिवशीच्या पत्रकार परिषदेला धवन यांनी कलामांना पाठवलं. कलाम हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले.

लोक ही गोष्ट मोठ्या मनाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण इंजिनिअर म्हणून मला तिचा आणखी एक अर्थ दिसतो. अपयशाच्या दिवशी प्रमुखाने टीमला पुढे केलं असतं तर पुढच्या तपासणीत कोणी झडपेच्या गळतीबद्दल मोकळेपणाने बोललं असतं का? माणूस घाबरला की आकडा लपवतो. धवन यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली म्हणून चौकशीच्या टेबलावर खरे आकडे येऊ शकले.

१९८४ मध्ये ते पदावरून उतरले आणि उपग्रह बनवणारे यूआर राव अध्यक्ष झाले. पीएसएलव्ही या पुढच्या मोठ्या रॉकेटचा आराखडा धवन यांच्याच काळात मंजूर झाला होता. आपल्या अमरावती रोडवर जे प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे, जिथे उपग्रहाच्या चित्रांवरून मध्य भारताची जमीन, जंगल, पाणी पाहिलं जातं, ते पुढे उभ्या राहिलेल्या पाच केंद्रांपैकी एक. आणि आता तर रॉकेटचं कामही नागपूरला आलं आहे. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस हे रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला ८९.५ किलोमीटर उंच गेलं. त्याच्या कलाम-८० या घन इंधनाच्या इंजिनाची जमिनीवरची चाचणी नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या केंद्रात झाली होती.

मग शेवटी मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे आलो. इस्रोचे अध्यक्ष कोणकोण होते ते मी तिला मोजून दाखवलं. राव आणि कस्तुरीरंगन भौतिकशास्त्राचे. माधवन नायर आणि राधाकृष्णन इलेक्ट्रिकलचे. सिवन एअरोनॉटिकल. सोमनाथ पदवीला मेकॅनिकल आणि नंतर विज्ञान संस्थेत एअरोस्पेस, म्हणजे धवन यांच्याच विभागात. "मग मेकॅनिकल टाकते पहिलं, एअरोस्पेस दुसरं," ती म्हणाली, "अन् एमटेकला पाहू." मी त्यात बदल सुचवला नाही.

तोवर ऊन चढलं होतं. पाती पुसून झाली, पण एक पातं तिने तसंच ठेवलं. महिन्याभराने धूळ किती वाढते ते तिला मोजायचं होतं. म्हणून टोकाला आणि बुडाला पेनाने खुणा केल्या आणि वहीत तारीख घातली.

धवन यांनी निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या उडण्याचा अभ्यास केला. श्रीहरिकोटाच्या शेजारी पुलिकत सरोवर आहे, हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात. ३ जानेवारी २००२ ला ते गेले, आणि त्याच वर्षी श्रीहरिकोटाच्या प्रक्षेपण केंद्राला त्यांचं नाव देण्यात आलं.